कै. गोपाळ गणेश आगरकर

आगरकरांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु पुणें शहर एके काळीं त्यांच्यावर इतकें कां रागावलें होतें, असें विचारल्यास बहुतेक मुलें गप्प बसतात. म्हणून त्यांची हकीगत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गोपाळरावांचा जन्म ता. १४ जुलै १८५६ रोजीं कऱ्हाडजवळील टेंभू या गांवीं झाला. घरीं अत्यंत गरिबी. विद्येसाठीं कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण त्यांना करावी लागली. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांचा आधार मिळाला, आणि पुढें ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. अंगांत घालावयास एकच सदरा, तो रात्रीं धुवून सकाळीं घालावयाचा, असें त्या दिवसांविषयीं सांगतात. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनीं आईस पत्रानें कळविलें कीं, मुलगा मोठ्या पगाराची चाकरी करील अशी आशा तिनें धरूं नये. पोटापुरतें मिळवून बाकीचा सर्व काळ तो लोकांच्या हिताकडे लावणार. त्या माउलीस काय वाटलें असेल, हें पालकांनीं मनांत आणून पाहावें.

१८८१ सालीं ‘केसरी’ पत्र निघालें, त्याचे पहिले संपादक आगरकरच. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध लिहिल्यामुळें १८८२ सालीं त्यांना व टिळकांना मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. ज्या पत्रांवर भरंवसा ठेवून तो मजकूर छापला, तीं पत्रें खरीं ठरलीं नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे.

तो काळ मोठा संधिकाळ होता. जुन्यावरचा विश्वास ढळूं लागलेला, आणि नवें अद्याप कोणाच्या अंगवळणीं पडलेलें नाहीं. शिकलेले गृहस्थ घरांत एक बोलत आणि चारचौघांत दुसरें. आगरकरांस हें दुटप्पी वर्तन मुळींच सहन होत नसे. आधीं राजकीय सुधारणा कीं सामाजिक, या प्रश्नावर जिवलग मित्रांशीं त्यांचें पटेना, तेव्हां १८८७ सालीं त्यांनीं ‘केसरी’ सोडला व पुढच्याच वर्षीं ‘सुधारक’ सुरू केला. विधवांचें केशवपन बंद व्हावें, मुलींस मुलांबरोबर व मुलांसारखेंच शिक्षण मिळावें, असें ते उघड लिहूं लागले. मुलींच्या संमतिवयाचा कायदा १८९१ सालीं झाला, त्याचीही बाजू त्यांनीं घेतली. लोक इतके खवळले कीं, आगरकर जिवंत असतांनाच त्यांची प्रेतयात्रा काढण्यांत आली! दुसरा एखादा गांव सोडून गेला असता. हे मात्र दुसऱ्या दिवशीं नेहमींप्रमाणें वर्गावर शिकवावयास गेले असतील, असें आम्हांस वाटतें.

ईश्वराविषयीं ते निश्चयानें कांहीं सांगत नसत. बुद्धीस जें पटलें नाहीं तें पटलें असें म्हणणें त्यांना पाप वाटे. या बाबतींत आमचें त्यांच्याशीं जमत नाहीं, हें मोकळेपणानें सांगतों. तथापि न पटलेल्या गोष्टीस मान डोलावणाऱ्या पुष्कळ भाविकांपेक्षां हा मनुष्य आम्हांस अधिक जवळचा वाटतो. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, देवधर्म करणाऱ्या होत्या. जगाशीं भांडणाऱ्या या पुरुषानें घरांत मात्र आपलें मत पत्नीवर कधीं लादलें नाहीं.

१८९२ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. पण दम्यानें शरीर पोखरून टाकलें होतें. ता. १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं एकुणचाळीस वर्षेंही पुरीं झालीं नसतां, त्यांचा अंत झाला. ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनींच लिहिला. वर्षानुवर्षें ज्यांचे एकमेकांवर कठोर लेख येत होते, त्यांपैकीं मागें राहिलेल्याची लेखणी त्या दिवशीं सहज चालली नाहीं.

आगरकरांच्या पश्चात् एक लहानशी पुडी सांपडली, असें सांगतात. आपल्या अंत्यविधीचा खर्च दुसऱ्या कोणावर पडूं नये म्हणून तींत त्यांनीं पैसे बांधून ठेविले होते.