विश्लेषण : शिक्षिका अलेक्सिनाचा ‘आबेल’ कसा झाला? आंतरलिंगी व्यक्तीला चर्चने काय उत्तर दिले?

जन्मतःच ज्यांचे शरीर स्त्री किंवा पुरुष या ठरावीक व्याख्येत बसत नाही, अशा आंतरलिंगी (इंटरसेक्स) व्यक्तींच्या स्मरणार्थ 8 नोव्हेंबर हा दिवस अनेक देशांत पाळला जातो. हा एर्क्युलिन बार्बां यांचा जन्मदिवस. धर्मश्रद्धा, वैद्यक आणि कायदा यांच्या कात्रीत सापडलेले हे आयुष्य अवघे 29 वर्षांचे ठरले.

कोण होती एर्क्युलिन?

तिचा जन्म 1838 मध्ये पश्चिम फ्रान्समधील सँ-झाँ-दांजेली या गावी झाला. नोंद मुलगी अशी झाली. घरात तिला अलेक्सिना म्हणत. कुटुंब गरीब असल्याने उर्सुलिन नन्सच्या शाळेत तिचे शिक्षण धर्मादाय मदतीवर झाले. पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन 1857 मध्ये ती मुलींच्या शाळेत साहाय्यक शिक्षिका झाली. तेथील एका शिक्षिकेवर तिचे प्रेम जडले. एर्क्युलिनच्या आठवणींत ही शिक्षिका सारा या नावाने येते.

कन्फेशनमध्ये काय घडले?

एर्क्युलिन श्रद्धाळू कॅथलिक होती. हे प्रेम आणि आपले वेगळे शरीर यांचे ओझे तिने कन्फेशनमध्ये, म्हणजे धर्मगुरूंसमोरच्या कबुलीत, मोकळे केले. पहिल्या धर्मगुरूंकडून तिरस्कार वाट्याला आला. दुसऱ्यांनी तिला पुरुष मानले, तरीही जगापासून दूर होऊन नन होण्याचा सल्ला दिला. मात्र ही कबुली पुन्हा कोणापुढे देऊ नये, कारण खरे कळले तर कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळणार नाही, अशी सूचनाही केली.

बिशपनी वेगळे काय केले?

अखेर ती ला रोशेलचे बिशप लांद्रिओ यांच्यासमोर गेली. त्यांनी सहानुभूतीने ऐकले. कन्फेशनमधील गोष्ट धर्मगुरू बाहेर सांगू शकत नाहीत, म्हणून तिची परवानगी घेऊन त्यांनी डॉ. शेने यांना बोलावले. तपासणीत स्त्री आणि पुरुष दोन्हींची लक्षणे आढळली, पण डॉक्टरांनी कौल पुरुषाच्या बाजूने दिला. 1860 मध्ये न्यायालयाने जन्मनोंद बदलली. वयाच्या 21 व्या वर्षी एर्क्युलिन कायद्याने आबेल झाली.

परंपरेत ‘मधली’ जागा होती का?

आंतरलिंगी व्यक्ती असतात, हे चर्चला ठाऊक होते. 12 व्या शतकातील ग्रेशियनच्या धर्मकायद्याच्या संग्रहात त्यांचा उल्लेख आहे. अशा व्यक्तीची साक्ष ग्राह्य धरायची की नाही, हे कोणते लिंग प्रबळ आहे त्यावर ठरत असे. म्हणजे अस्तित्व मान्य, पण शेवटी एकच बाजू निवडायची. पुरोहितपद फक्त पुरुषांना आणि विवाह स्त्री-पुरुषांत, अशा व्यवस्थेत तिसरा रकाना नव्हता. फ्रान्सच्या नागरी कायद्यालाही जन्मनोंदीत लिंग लागतच होते. त्यामुळे बिशपची दयाबुद्धीही याच दोन रकान्यांपाशी येऊन थांबली.

पुढे आबेलचे काय झाले?

नोंद बदलली, पण आयुष्य सावरले नाही. मुलींच्या शाळेतील नोकरी गेली, सारा दुरावली, गावात कुजबुज वाढली. आबेल पॅरिसला गेला. आधी रेल्वे कंपनीत काम मिळाले, नंतर हलाखी आली. फेब्रुवारी 1868 मध्ये भाड्याच्या खोलीत त्याने आत्महत्या केली. जवळ आठवणींचे हस्तलिखित सापडले. त्यात स्वतःसाठी कुठे स्त्रीलिंगी, तर कुठे पुल्लिंगी रूपे आहेत.

हे आयुष्य जगाला कसे कळले?

न्यायवैद्यक तज्ज्ञ तार्द्यू यांनी 1870 च्या दशकात या आठवणींचा काही भाग छापला, तो वैद्यकीय प्रकरण म्हणून. तत्त्वचिंतक मिशेल फुको यांनी 1978 मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केल्यावर एर्क्युलिनचे नाव सर्वदूर पोहोचले.

आज भूमिका काय?

व्हॅटिकनच्या 2019 मधील शिक्षणविषयक दस्तऐवजात, लिंग स्पष्ट नसल्यास उपचाराचा निर्णय वैद्यकीय तज्ज्ञांकडे सोपवला आहे. 2024 च्या दस्तऐवजात अशा व्यक्तीला स्वतः वैद्यकीय मदत घेण्याची मुभा मान्य केली आहे. तिरस्काराची भाषा मागे पडली. मात्र शरीर जसे आहे तसेच ठेवून, कोणताही एक रकाना न निवडता जगता येईल का, या एर्क्युलिनच्या आयुष्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही.