विश्लेषण : वर्ध्यातील नदीकाठ, बाग आणि आश्रमांचे मूळ मालक कोण? फोटोच्या चौकटीबाहेर राहिलेल्या जमनालाल बजाज यांची गोष्ट

हिवाळा सुरू झाला की वर्ध्याचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. पवनारला धाम नदीच्या काळ्या खडकांवरून वाहणारे पाणी आणि काठावरचा विनोबांचा आश्रम. सेवाग्रामच्या मातीच्या कुट्या आणि त्यांच्यावर सावली धरणारी जुनी झाडे. शहरातली मगनवाडी आणि गोपुरीतले उघड्या आकाशाखालचे गीताई मंदिर. नागपूरहून एका दिवसात ही सगळी ठिकाणे पाहून होतात आणि फोटोखाली बहुतेक वेळा गांधीजी किंवा विनोबांचे नाव येते.

या ठिकाणांना जोडणारे तिसरे नाव मात्र फोटोखाली क्वचितच दिसते. ते म्हणजे जमनालाल बजाज. नदीकाठचा बंगला त्यांचा होता, मगनवाडीची बाग त्यांची होती, सेगावची बरीचशी जमीन त्यांच्या मालगुजारीत होती. एकेक करून त्यांनी ते सगळे देऊन टाकले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते बंगला सोडून गोपुरीच्या झोपडीत राहायला गेलेले होते. हे कसे घडले, ते समजून घेऊ.

राजस्थानचा मुलगा वर्ध्यात कसा आला?

जमनालाल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा. गाव काशी का बास, आजच्या राजस्थानातील सीकरजवळचे. वडील कनीराम साधे शेतकरी, आई बिरदीबाई. वर्ध्यातील श्रीमंत व्यापारी सेठ बच्छराज बजाज आणि त्यांच्या पत्नी सदीबाई त्या भागात गेले असताना अंगणात खेळणारा हा मुलगा सदीबाईंच्या मनात भरला. बच्छराज यांचा दत्तक मुलगा आधीच वारला होता. त्यामुळे जमनालाल वर्ध्याच्या घरात नातू म्हणून दत्तक आले. तेव्हा त्यांचे वय अवघे ४-५ वर्षांचे होते.

मुलगा देण्याच्या बदल्यात कनीराम यांनी पैसे घेतले नाहीत, पाण्याची टंचाई असलेल्या गावासाठी विहीर मागितली, असे सांगितले जाते.

वर्ध्यात जमनालाल मराठी शाळेत गेले, पण शिक्षण जेमतेम चार इयत्तांपर्यंत झाले. पुढचे धडे पेढीवर मिळाले. वर्धा हा कापसाचा मुलूख. सरकी काढण्याचे कारखाने, गाठी बांधण्याचे प्रेस आणि मुंबईकडे जाणारी रेल्वे, यांवर इथला व्यापार चालायचा. १९०२ मध्ये जावऱ्याच्या जानकीदेवींशी त्यांचा विवाह झाला. वराचे वय १२, वधूचे ९.

सतराव्या वर्षी काय घडले?

त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली या प्रसंगात आहे. एका लग्नाला जाताना दागिने घालण्यावरून आजोबा आणि नातवात खटका उडाला. बच्छराज यांनी रागाच्या भरात संपत्तीचा विषय काढला. जमनालाल यांना ते लागले. त्यांनी चिठ्ठी लिहून संपत्तीवरचा सगळा हक्क सोडला आणि घर सोडून निघाले. चिठ्ठीत आजोबांबद्दल राग नव्हता. आपल्याला मिळालेल्या संस्कारांबद्दल त्यांनी आभारच मानले होते. म्हाताऱ्या बच्छराज यांना चूक उमगली आणि त्यांनी नातवाला समजावून परत आणले.

काही काळाने बच्छराज वारले आणि सगळी इस्टेट याच नातवाकडे आली. पण एकदा सोडलेला हक्क पुन्हा आपला कसा म्हणायचा, हा प्रश्न जमनालाल यांच्या मनातून गेला नाही. आपण या पैशाचे राखणदार आहोत, ही भावना तेव्हापासूनची. गांधीजींची विश्वस्ताची कल्पना त्यांच्यापर्यंत पोहोचली, तेव्हा ती त्यांना ओळखीचीच वाटली असणार.

गांधीजींशी नाते कसे जुळले?

१९१५ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले. जमनालाल त्यांना अहमदाबादच्या आश्रमात वारंवार भेटत राहिले. बोलणे आणि वागणे यांत फरक पडतो का, हे ते पाहत होते. त्याच काळात इंग्रज सरकारनेही त्यांना आपल्या बाजूचे मानून ऑनररी मॅजिस्ट्रेट केले आणि १९१८ मध्ये रायबहादूर ही पदवी दिली.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. स्वागत समितीचे अध्यक्ष जमनालाल होते. तिथे त्यांनी गांधीजींकडे एक विलक्षण मागणी केली. चार मुलांच्या पित्याने आपल्याला पाचवा मुलगा मानावे, अशी ती मागणी होती. गांधीजींनी ती मान्य केली. लहानपणी दुसऱ्यांनी ठरवून दत्तक दिलेला मुलगा आता ३१ व्या वर्षी स्वतः ठरवून दत्तक गेला.

त्यानंतरचा वेग मोठा आहे. १९२१ मध्ये त्यांनी रायबहादूर पदवी परत केली. टिळक स्वराज्य फंडात, वकिली सोडणाऱ्या वकिलांच्या निर्वाहासाठी, १ लाख रुपये दिले. वर्ध्यात आश्रम काढायचा म्हणून गांधीजींकडे माणूस मागितला आणि ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा भावे वर्ध्यात आले. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात जमनालाल तुरुंगात गेले. काँग्रेसचे खजिनदारपदही त्यांनी अनेक वर्षे सांभाळले.

घरातही बदल झाले. जानकीदेवींनी पडदा सोडला, दागिने सोडले, खादी घातली. पुढे १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

मंदिराचे दार उघडणे इतके महत्त्वाचे का?

वर्ध्यातील लक्ष्मीनारायण मंदिर बच्छराज यांनी बांधलेले. जुलै १९२८ मध्ये जमनालाल यांनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुले केले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले होते आणि नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह अजून व्हायचा होता. दर्शनाला आलेल्या दलितांसोबत विनोबा होते.

पैसे देणे श्रीमंताला सोपे असते. आपल्याच जातीतील सनातनी लोकांचा रोष घेऊन घराण्याच्या मंदिराची मालकी सैल करणे अवघड होते. जमनालाल यांनी विश्वस्तांचे मन वळवून ते केले.

मगनवाडी : बागेचे काय झाले?

दांडीयात्रेला निघताना, स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतणार नाही, असे गांधीजींनी ठरवले होते. १९३३ मध्ये साबरमतीचा आश्रम त्यांनी विसर्जित केला. मग राहायचे कुठे? जमनालाल यांचा आग्रह जुनाच होता : वर्ध्याला या. देशाच्या मध्यभागी, रेल्वेचे जंक्शन असलेले गाव, आणि सोबत स्वतःची जबाबदारी घेणारा मुलगा.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्यासाठी जमनालाल यांनी शहरातला बागबंगला आणि भोवतीची संत्र्यांची बाग देऊन टाकली. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून ती जागा मगनवाडी झाली. फिरायला, विसाव्याला असलेल्या बागेत आता घाणीचे तेल, हातकागद, मधमाशा आणि हातसडीच्या तांदळाचे प्रयोग सुरू झाले. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी हे काम उभे केले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ते आजही पाहता येते.

सेगावचे सेवाग्राम कसे झाले?

गांधीजींना शहरात राहायचे नव्हते, खेड्यात राहायचे होते. वर्ध्यापासून साधारण ८ किलोमीटरवरचे सेगाव निवडले गेले. या गावाची मालगुजारी मोठ्या प्रमाणात जमनालाल यांच्याकडे होती. रस्ता धड नव्हता, मलेरिया होता, साप-विंचू होते. तरी ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे पोहोचले. स्थानिक माती, बांबू आणि कवेलूंची घरे उभी राहिली. शेगावशी नाव जुळल्याने टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव पडले.

आश्रमातले गांधीजींचे अनेक प्रसिद्ध फोटो त्यांचे नातू-पुतणे कनू गांधी यांनी काढलेले आहेत. गांधीजींनी त्यांना तीन अटी घातल्या होत्या : फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही आणि आश्रम खर्च देणार नाही. आज सेवाग्रामला मोबाइल काढणाऱ्यांनाही यातल्या पहिल्या दोन अटी उपयोगी पडतील.

पवनार : नदीकाठचा बंगला विनोबांकडे कसा गेला?

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदी ओलांडली की पवनार लागते. गाव जुने आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे इतिहासकार वा. वि. मिराशी यांचे मत होते. या नदीकाठी, उंचवट्यावर, जमनालाल यांचा बंगला होता. जागा अशी की खाली पाणी, खडक आणि समोर मोकळे शिवार.

१९३८ मध्ये विनोबांची प्रकृती फार ढासळली. हवापालटासाठी कुठे जायचे, याची चर्चा सुरू झाली. विनोबांनी डोंगरावरची थंड हवा नाकारली आणि ते ७ मार्च १९३८ रोजी पवनारच्या या बंगल्यात आले. रोज थोडे थोडे खणण्याचा व्यायाम त्यांनी सुरू केला. जमीन खणताना जुन्या मूर्ती सापडल्या. त्यात राम-भरत भेटीचे शिल्पही होते. शरीर सुधारले आणि मुक्काम कायमचा झाला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात विनोबांनी पवनारमधूनच केली. १९५९ मध्ये त्यांनी इथे ब्रह्मविद्या मंदिर ही स्त्रियांची सामूहिक साधनेची संस्था सुरू केली.

१९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन याच धाम नदीत झाले. दर वर्षी १२ फेब्रुवारीला इथे सर्वोदय मेळा भरतो. जमनालाल यांचा स्मृतिदिन त्याच्या आदल्या दिवशी येतो.

शेवटचे दिवस गोपुरीत का?

१९३८-३९ मध्ये जमनालाल जयपूर संस्थानातील प्रजामंडळाच्या लढ्यात उतरले आणि तिथे अटकेत राहिले. १९४१ मध्ये नागपूरच्या तुरुंगातून सुटले, तेव्हा तब्येत खालावलेली होती. राजकारणातून बाजूला होऊन उरलेले आयुष्य एखाद्या शांत कामाला द्यावे, असे त्यांना वाटत होते. गांधीजींनी गोसेवेचे काम सुचवले. त्याच वर्षी गोसेवा संघ सुरू झाला आणि जमनालाल वर्ध्याजवळच्या गोपुरीत झोपडीत राहू लागले. ज्या बजाजवाडीत नेहरू, पटेल, आझाद उतरायचे, ती थोड्याच अंतरावर होती.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे अचानक निधन झाले. वय ५२. सेवाग्रामहून गांधीजी आले. अंत्यसंस्कार गोपुरीतच झाले. पाच महिन्यांनी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांना देश सोडण्यास सांगणारा ठराव केला. ते पाहायला जमनालाल नव्हते.

त्याच गोपुरीत ७ ऑक्टोबर १९८० रोजी गीताई मंदिर विनोबांच्या हस्ते खुले झाले. त्याला छप्पर नाही, मूर्ती नाही. दगडी शिळांवर विनोबांच्या गीताईचे १८ अध्याय कोरले आहेत. वरून पाहिले तर शिळांच्या मांडणीत गाय आणि चरखा दिसतो. विनोबांनी १९३२ मध्ये धुळे तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा ऐकणाऱ्या कैद्यांत जमनालाल होते.

इतके देऊनही ते उद्योगपती कसे?

हा प्रश्न रास्त आहे. बजाज उद्योगसमूहाची सुरुवात १९२६ ची मानली जाते आणि १९३१ मध्ये उत्तर प्रदेशातील गोला गोकर्णनाथ इथे त्यांचा साखर कारखाना सुरू झाला. म्हणजे जमनालाल यांनी व्यापार सोडला नाही. श्रीमंताने मालकी ठेवून विश्वस्त म्हणून वागावे, ही कल्पना अपुरी आहे, अशी टीका समाजवाद्यांनी तेव्हाही केली आणि आजही होते. सगळेच श्रीमंत जमनालाल नसतात, हा त्या टीकेतला मुद्दा खोडून काढता येत नाही.

तरी वर्ध्यापुरते उत्तर जमिनीवर दिसते. दिलेल्या जागांवर त्यांनी स्वतःचे नाव लावले नाही. मगनवाडीला मगनलाल यांचे नाव मिळाले, सेगावला सेवेचे, आणि पवनारचा बंगला विनोबांचा आश्रम म्हणून ओळखला गेला. त्यामुळेच पर्यटकाला मूळ मालक आठवत नाही.

पाहायला जायचे असेल तर?

* सकाळी लवकर पवनार, मग सेवाग्राम, दुपारनंतर मगन संग्रहालय आणि शेवटी गोपुरी, हा क्रम सोयीचा पडतो.
* पावसाळ्यात धामचे पाणी झपाट्याने वाढते आणि खडक निसरडे होतात. सेल्फीसाठी पात्रात उतरू नका.
* पवनारच्या आश्रमात भगिनी राहतात, त्यांची दिनचर्या चालू असते. फोटो काढण्याआधी विचारा.
* गोपुरीत गीताई मंदिर पाहून लगेच परत फिरू नका. जमनालाल यांची समाधी त्याच परिसरात आहे. दिवसभर पाहिलेल्या बहुतेक जागा ज्याच्या होत्या, त्याला भेटण्याचे ठिकाण तेच आहे.