नागासाकीच्या टेकडीवरचा वसईकर हुतात्मा

फेब्रुवारीचा पहिला आठवडा उजाडला की जगातील अनेक ख्रिस्ती पंथांच्या पंचांगांत जपानच्या सव्वीस हुतात्म्यांचे नाव येते. घटना घडली ५ फेब्रुवारी १५९७ रोजी. अमेरिकेतील एपिस्कोपल व ल्युथरन पंथीय त्याच तारखेला त्यांचे स्मरण करतात. रोमन कॅथलिकांच्या पंचांगात मात्र ५ तारीख सिसिलीच्या संत अगाथा यांच्याकडे फार पूर्वीपासून आहे. त्यामुळे जपानच्या हुतात्म्यांचा सण तेथे ६ फेब्रुवारीला येतो आणि चर्च ऑफ इंग्लंडही हाच दिवस पाळते. कॅथलिक पंचांगात या सणाची नोंद संत पॉल मिकी व त्यांचे सोबती अशी आहे. त्या सोबत्यांमध्ये एक वसईकर आहे, हे वसईबाहेरच्या फारच थोड्या मराठी वाचकांना ठाऊक असते.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, त्याला तेव्हा वीस-बावीस वर्षे झाली होती. किल्ल्याच्या तटाआड पोर्तुगीज शहर आकाराला येत होते. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज आणि आई याच मातीतली, असे बहुतेक चरित्रकार मानतात. किल्ल्यातील जेझुइटांच्या शाळेत ते शिकले आणि १५७२ मध्ये, मिसरूडही न फुटलेल्या वयात, सेबास्तियाओ गोन्सालवीस या जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले.

जपानी भाषा त्यांनी पाहता पाहता आत्मसात केली. परकीय धर्मगुरूंना ती वर्षानुवर्षे प्रयत्न करूनही धड बोलता येत नसे, तेथे हा वसईचा मुलगा लोकांत मिसळून धर्मशिक्षण देऊ लागला. सुमारे आठ वर्षे त्यांनी हे काम केले. जेझुइट संघात आपल्याला प्रवेश मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. नकारामागचे नेमके कारण काहीही असो, त्या काळचे वातावरण ध्यानात घेण्याजोगे आहे. पूर्वेकडील मिशनचे प्रमुख अलेसांद्रो वालिन्यानो हे जपानी तरुणांना संघात घेण्याचे पुरस्कर्ते होते, पण भारतात जन्मलेल्या आणि मिश्र रक्ताच्या उमेदवारांविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. ज्या पॉल मिकींच्या नावाने आज सण साजरा होतो, ते जपानी असल्याने जेझुइट होऊ शकले. गोन्सालो होऊ शकले नाहीत.

निराश झालेल्या गोन्सालो यांनी व्यापार धरला. भाषेचे ज्ञान आणि बंदरोबंदरीच्या ओळखी यांच्या जोरावर त्यांचा जम चांगला बसला. व्यापाराच्या निमित्ताने मनिलाला जाणे-येणे सुरू झाले आणि तेथे फ्रान्सिस्कन संन्याशांशी त्यांचा संबंध आला. अखेर चाललेला धंदा सोडून ते त्या संघात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे ब्रदर म्हणून. स्वयंपाक, झाडलोट, रुग्णसेवा ही अशा ब्रदरांची कामे. त्यांची गाठ पुन्हा जपानशी पडण्याचे कारण मात्र राजकीय होते.

जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी फिलिपाइन्सवर चालून येईल, अशी धास्ती मनिलातील स्पॅनिश गव्हर्नरला वाटत होती. १५९३ मध्ये त्याने फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाऊतिस्ता यांना वकील म्हणून हिदेयोशीकडे पाठवले. वकिलाला जपानी येत नव्हते. दुभाषा हवा होता आणि तो संघातच होता. कोरियावरील मोहिमेसाठी क्युशू बेटावरील नागोया येथे (आजचे नागोया शहर ते हे नव्हे) हिदेयोशीचा तळ पडला होता. त्या दरबारात झालेला संवाद गोन्सालो यांच्याच मुखातून झाला. एका शब्दाची चूक सर्वांना महागात पडली असती. हिदेयोशी प्रसन्न झाला आणि त्याने या मंडळींना क्योतो येथे राहण्यास परवानगी दिली. तेथे त्यांनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढले.

येथे थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे, कारण पुढील शोकांतिकेचे मूळ तिच्यात आहे. परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीने १५८७ मध्येच काढला होता. त्याची अंमलबजावणी कडक नव्हती, म्हणून जेझुइट गाजावाजा न करता काम करीत. शिवाय जपानचे क्षेत्र केवळ जेझुइटांचे, असा पोप ग्रेगरी तेरावे यांचा १५८५ चा आदेश होता. फ्रान्सिस्कन मात्र मनिलाहून वकील या नात्याने आले आणि उघड प्रचार करू लागले. मकावचे पोर्तुगीज आणि मनिलाचे स्पॅनिश यांची व्यापारी चुरस त्यात मिसळली. १५८० पासून दोघांचा राजा एकच होता, तरी पूर्वेच्या समुद्रावर त्या एकीचा मागमूस नव्हता. वसईत वाढलेला, जेझुइटांच्या हाताखाली घडलेला आणि स्पॅनिश मठात गेलेला गोन्सालो या दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्ये उभा होता.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीने माल जप्त केला. स्पेनचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मागाहून सैन्य, अशी बढाई जहाजाच्या सुकाणूधराने मारल्याचे सांगितले जाते. तो असे खरोखर बोलला का आणि ते दरबारात कोणी पोहोचवले, यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज कागदपत्रांनी पुढे एकमेकांवर भरपूर शाई उडवली आहे. कोरियाच्या युद्धाने रिकाम्या झालेल्या खजिन्याला तो माल हवा होता, हेही विसरता येत नाही. ते काही असो, हिदेयोशी संतापला आणि डिसेंबरमध्ये फ्रान्सिस्कनांच्या घरांना पहारे बसले.

नाक आणि दोन्ही कान कापून धिंड काढावी, असा मूळ हुकूम होता. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने तो सौम्य केला आणि डाव्या कानाचा तुकडा कापण्यावर भागवले. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत ही शिक्षा अमलात आली. चोवीस कैद्यांना गाड्यांतून क्योतो, ओसाका, साकाई येथे फिरवले गेले. मग ऐन हिवाळ्यात सुमारे आठशे किलोमीटरची वाट सुरू झाली. वाटेत कैद्यांना मदत करणारे दोघे जणही पकडले गेले आणि संख्या सव्वीस झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा जपानी श्रद्धाळू. त्यांतला लुई इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा. चौदा वर्षांच्या तोमास कोझाकीने वाटेत आईला पत्र लिहिले. त्याचे वडील मिगेलही त्याच कैद्यांत होते. पत्र नंतर त्यांच्या मृतदेहाजवळ सापडले.

नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभारले होते. हुतात्म्यांना खिळे ठोकले नव्हते. दोर आणि लोखंडी कड्यांनी बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. तीन जेझुइटांपैकी दोघांनी संघाची शपथ मृत्यूच्या थोडे आधी घेतली होती. गोन्सालो तेव्हा चाळीस वर्षांचे होते.

पोप उर्बन आठवे यांनी १६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्य घोषित केले, तर पोप पायस नववे यांनी ८ जून १८६२ रोजी संतपद दिले. त्या दिवशी भारतात जन्मलेली व्यक्ती प्रथमच कॅथलिक संत झाली. तरीही केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना १२ ऑक्टोबर २००८ रोजी संतपद मिळाले, तेव्हा पहिल्या भारतीय संत असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी झाला. अल्फोन्सा पहिल्या भारतीय महिला संत आहेत, यात वाद नाही. गोन्सालो यांच्या बाबतीत पित्याचे रक्त मोजायचे की जन्मभूमी, हा प्रश्न मात्र त्यांच्या मृत्यूनंतर चारशे वर्षांनीही पाठ सोडत नाही. त्यांच्यासोबत मरण पावलेले फेलिपे दे हेसूस यांचे आईवडील स्पॅनिश होते. मेक्सिकोने मात्र आपला पहिला संत म्हणून त्यांना कधीच आपलेसे केले आहे.

निशिझाकावर १९६२ मध्ये, संतपदाच्या शताब्दीनिमित्त, स्मारक आणि संग्रहालय उभे राहिले. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेल्या कांस्यमूर्तींच्या रांगेत गोन्सालोही आहेत. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तेथे प्रार्थना केली. वसईत गास गावचे चर्च त्यांच्या नावाचे आहे, एक महाविद्यालयही आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या वसई किल्ल्यात आज चर्चचे भग्नावशेष उरले आहेत. त्यांतील जेझुइटांच्या जुन्या चर्चला, ज्या संघाने गोन्सालो यांना आपल्यात घेतले नाही त्या संघाच्या चर्चला, लोक आता गोन्सालो गार्सिया चर्च म्हणूनच ओळखतात.