उपाध्यक्षाची खुर्ची

आमच्या जाफराबाद तालुक्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे तयार होते. फुलांचे परागीकरण हाताने करायचे, हे नाजूक कसब बायकांच्या बोटांत उतरले आहे. भाव मात्र बियाणे घेणारी कंपनी ठरवते. हातात हुन्नर असून कारभार का नाही, असा प्रश्न पडला की मला नगर जिल्ह्यातील लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आठवतात.

जेमतेम चौथीपर्यंत शिकलेला हा शेतकरी. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पिकत होता. पण गुळाचा भाव व्यापाऱ्याच्या हाती आणि कर्जाची वही सावकाराच्या. विठ्ठलरावांनी १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली. तिथे शेतकरी हिशेब शिकले. पुढे गावोगाव हिंडून त्यांनी भागभांडवल जमवले आणि १९५०-५१च्या हंगामात शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले.

मला याहून मोठी वाटते ती एक निवड. अध्यक्षपदी त्यांनी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना आणले आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. जाणत्याच्या शेजारी बसून कारभार शिकण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. १९६१ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. १९६४ मध्ये प्रवरा परिसरात शिक्षणसंस्था उभी करून त्यांनी पुढच्या पिढीचीही सोय केली. १९८० साली ते गेले.

त्यांच्यामागे सहकारात खुर्चीसाठी भांडणे पुष्कळ झाली. आमच्या बीजोत्पादकांनी उद्या स्वतःची संस्था काढलीच, तर अध्यक्ष निवडण्याआधी विठ्ठलरावांची ती उपाध्यक्षाची खुर्ची जरूर आठवावी.