आधी शिकल्या, मग शाळा काढली

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे ख्रिस्ती घर आपल्यात क्वचितच सापडेल. केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळातून वाचविलेल्या मुली, सोप्या मराठीतील पवित्र शास्त्र यांविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु शाळा उघडण्यापूर्वी शाळा चालविण्याची विद्या त्यांनी किती कष्टाने मिळविली, इकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आज एम. एड. करता येते, शालेय प्रशासनाचा वेगळा अभ्यास करता येतो. त्यासाठी दिल्लीत राष्ट्रीय संस्था आहे. रमाबाईंना यातले काहीच उपलब्ध नव्हते. त्यांनी आपला अभ्यासक्रम आपणच आखला.

त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि आईने ते रमाबाईंना दिले. पुढे दुष्काळाने घर उद्ध्वस्त केले. १८७४ साली आईवडील दोघेही गेले. भावाबरोबर पायी भटकत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पतीही गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या.

त्याच वर्षी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. शिक्षिका होणाऱ्या स्त्रियांना रीतसर प्रशिक्षण व चांगला पगार मिळावा आणि मुलींच्या शाळांची तपासणी स्त्रियांनीच करावी, असे त्यांनी सुचविले. पुरुष तपासनीस शिक्षिकेची लहानशी चूकही मोठी करून दाखवितात, अशी त्यांची तक्रार होती. शाळेचे बरेवाईट तिच्या कारभाऱ्यावर अवलंबून असते, हे चोवीस वर्षांच्या या विधवेने तेव्हाच ओळखले होते.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकण्याची इच्छा होती, पण कानांनी साथ दिली नाही. वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात राहत असता त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी शिकत. तेथील मुख्य डॉरोथिया बील या १८५८ पासून, म्हणजे रमाबाईंच्या जन्मवर्षापासून, ती संस्था सांभाळीत होत्या. एक स्त्री मोठी शाळा कशी चालविते, हे रमाबाईंना तेथे रोज पाहावयास मिळाले.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. त्यांनी शाळा पाहिल्या, बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ साली बोस्टनला त्यांच्या नावे मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. एवढी तयारी झाल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले.

तेथे खरी कसोटी लागली. शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ साली वादळ उठले. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. पण आपल्याच घरात दार लावून प्रार्थना करणे रमाबाईंच्या विवेकाला पटेना. असा पेच कोणत्याही पदविकेत शिकवून सुटत नाही. शाळा मात्र बंद पडली नाही.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आमचा बालाघाट जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात होता. रमाबाईंनी स्वतः त्या भागात फिरून सुमारे ३०० मुली नेल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावची जमीन उपयोगी पडली. एका लहान शाळेचे गाव झाले. शिक्षणाबरोबर शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग आले, आणि शिकलेल्या मुली नव्या मुलींना शिकवू लागल्या.

आपल्यामागे कोण, याचाही त्यांनी विचार केला होता. मनोरमाबाईंना परदेशी शिकवून त्यांनी शारदासदनाचा भार त्यांच्यावर सोपविला. १९१२ साली गुलबर्ग्यास शाळा निघाली, तीतही मनोरमाबाईंचा हात होता. परंतु १९२१ साली त्या आईच्या आधी गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचीही यात्रा संपली. मुक्ती मिशन मात्र आजही केडगावात उभे आहे, कारण काम एकाच वारसावर टेकलेले नव्हते.

आपल्या मंडळ्यांच्या शाळांत मुख्याध्यापक पुष्कळदा केवळ नोकरीच्या वर्षांवरून निवडला जातो. तो भला असतो, प्रार्थनाशील असतो. पण हिशेब, शिक्षकांची जडणघडण, पालकांचा राग ही शिकण्याची कामे आहेत. रमाबाईंसारखी विदुषी त्यासाठी पाच वर्षे विद्यार्थिनी झाली. मग होतकरू शिक्षकाला दोन वर्षे शिकावयास पाठविणे आपल्या मंडळ्यांना जड का वाटावे?