वेगदेवतेचा पुजारी : बर्ट मन्रो

आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये दर सेमिस्टरला एक नवीन ‘मॉड’ येतं. आधी एअर फिल्टर काढायची फॅशन होती, मग सायलेन्सर बदलायची आली. सध्या क्लच स्विचची हवा आहे. क्लचच्या लिव्हरजवळ एक छोटासा स्विच असतो. लिव्हर दाबली आहे की सोडली आहे, एवढंच तो सांगतो. गाडी गिअरमध्ये असताना स्टार्ट होऊन उडी मारू नये म्हणून तो स्टार्टरच्या सर्किटमध्ये घातलेला असतो. फ्युएल इंजेक्शनच्या काही गाड्यांमध्ये ईसीयूसुद्धा त्याचा सिग्नल वाचतो. म्हणून मग सल्ला मिळतो की ती वायर कापून शॉर्ट कर, ईसीयू फसतो आणि थ्रॉटल रिस्पॉन्स, म्हणजे मनगट फिरवल्यावर गाडी किती पटकन उचलते तो प्रकार, एकदम भारी होतो. खरंच होतो का? गाडीगाडीचं सर्किट वेगळं असतं, त्यामुळे उत्तरही वेगवेगळं येणार. पण आधी किती होता, नंतर किती झाला आणि कशाने मोजला, असं विचारलं की सगळे चहा प्यायला निघून जातात!

हा विषय निघाला की मला एक माणूस हमखास आठवतो. न्यूझीलंडचा बर्ट मन्रो. 2005 साली त्याच्यावर ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ नावाचा सिनेमा आला होता. अँथनी हॉपकिन्सने त्यात बर्टचं काम केलंय. नाव ऐकून मला आधी वाटलं होतं की कोणी भारतीय असेल, पण ‘इंडियन’ ही अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची मोटरसायकल कंपनी. बर्ट वयाने आपल्या आजोबांच्याही वडिलांसारखा, तरी मी त्याला एकेरीच म्हणणार आहे. वाचता वाचता तो मित्रच होऊन गेला. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा मराठीत मध्येमध्ये इंग्रजी शब्द घुसतील, तेवढं सांभाळून घ्या.

बर्टचा जन्म 25 मार्च 1899 चा, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिल गावातला. त्याची जुळी बहीण जन्मतःच गेली. हे पोरही दोन वर्षांच्या वर जगायचं नाही, असं डॉक्टरांनी आईवडिलांना सांगून टाकलं होतं. हे पोर पुढे 78 वर्षं जगलं, आणि त्यातली पन्नासेक वर्षं एकाच मोटरसायकलबरोबर.

लहानपण शेतावर गेलं. घोडा असो नाहीतर गाडी, जे पळेल ते अजून जोरात कसं पळेल याचंच त्याला वेड. 1920 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने एक नवीकोरी ‘इंडियन स्काऊट’ घेतली. व्ही-ट्विन इंजिन, 600 सीसी आणि टॉप स्पीड ताशी 55 मैल, म्हणजे साधारण 88 किलोमीटर. आज आपल्या पार्किंगमधली कुठलीही शंभर सीसीची गाडी एवढी पळते. पण त्या काळी ती गाडी झकास मानली जायची. बर्टला मात्र ती पुरेना. 1926 पासून त्याने ती खोलायला सुरुवात केली, आणि ती खोलणं पुढे कधी थांबलंच नाही.

आता मजा पहा. त्याच्याकडे लेथ-मिलिंगची वर्कशॉप नाही, डायनो नाही, पैसे तर नाहीतच. दिवसा मोटरसायकली विकण्याची आणि दुरुस्तीची नोकरी, आणि रात्र रात्र जागून स्वतःच्या गाडीचं काम. पिस्टन तो स्वतः ओतायचा आणि साच्याला जुने पत्र्याचे डबे वापरायचा. सिलिंडर बॅरल त्याने जुन्या बिडाच्या पाईपमधून काढले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलमधून कापून, घासून, हार्डन करून बनवले. मायक्रोमीटर विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून तो चाकाच्या जुन्या स्पोकपासून तयार केला. फर्स्ट इयरच्या फिटिंग जॉबला एमएसचा एवढासा तुकडा काटकोनात घासताना आपण किती रडलो होतो ते आठवा, आणि मग हा माणूस कनेक्टिंग रॉड हाताने घडवतोय हे डोळ्यांसमोर आणा.

स्काऊटचं इंजिन मुळात साइड व्हॉल्व्ह. म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, मिश्रण वळसा घालून आत येणार. त्यामुळे इंजिन मोकळा श्वास घेऊ शकत नाही आणि कॉम्प्रेशनही फार वाढवता येत नाही. बर्टने व्हॉल्व्ह वर घेतले. ओव्हरहेड व्हॉल्व्हची अख्खी यंत्रणा स्वतः डिझाइन करून त्या जुन्या इंजिनावर बसवली. थ्रॉटल रिस्पॉन्स सुधारायचा तर त्याच्यासमोर फसवायला ईसीयू नव्हता. हवा कुठे अडते, वजन कुठे जास्त आहे, घर्षण कुठे होतंय, हे शोधून तिथलं लोखंड बदलायचं, एवढाच रस्ता होता. 600 सीसीचं इंजिन असं वाढत वाढत शेवटी 950 सीसीचं झालं.

आणि ते फुटायचं! एकदा-दोनदा नाही, असंख्य वेळा. पिस्टन वितळायचे, रॉड तुटायचे, व्हॉल्व्ह वाकायचे. मला सगळ्यात आवडते ती इथली गोष्ट. बर्ट ते तुटके तुकडे फेकून देत नसे. त्याच्या शेडमध्ये एक फळी होती आणि तिच्यावर हे सगळे मोडके पार्ट ओळीने मांडलेले असायचे. वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे, अशी त्यावर पाटीच लावली होती. गंमत आहेच, पण मला त्यात इंजिनिअरिंगही दिसतं. प्रत्येक तुकडा म्हणजे एक रीडिंग. इथून तुटला म्हणजे इथे स्ट्रेस जास्त होता, पुढचा पार्ट तिथे जाड करायचा. आपण फेल गेलेलं रीडिंग जर्नलमधून गुपचूप खोडतो, हा त्याची आरास मांडायचा.

हे सगळं फुकटात झालं नाही, हेही लिहायला हवं. 1927 मध्ये त्याचं लग्न झालं, चार मुलं झाली. पण संसार टिकला नाही आणि 1947 च्या सुमारास तो तुटलाच. नंतर बर्ट गाडीच्या शेडमध्येच राहायचा. हृदयाचं दुखणंही मागे लागलं. सिनेमात हे सगळं गोड वाटतं, पण घरातल्या माणसांना ते किती जड गेलं असेल याचा हिशोब कुठल्या रेकॉर्ड बुकात नसतो. बर्टसारखं व्हायचं म्हणून लगेच नाचू नका, एवढंच माझं म्हणणं.

न्यूझीलंडमध्ये त्याने बरेच विक्रम केले. 1957 साली इन्व्हरकार्गिलजवळच्या ओरेटी बीचवर, वाळूवर, तो ताशी 131.38 मैल म्हणजे 211 किलोमीटरने गेला. पण त्याला हवी होती ती जागा अमेरिकेत होती. यूटा राज्यातलं बॉनेव्हिल. मैलोन्‌मैल पसरलेलं मिठाचं पांढरंशुभ्र सपाट मैदान, जगातल्या वेगवेड्यांची पंढरीच म्हणा ना. तिथे तो आधी नुसता बघून आला आणि मग गाडी घेऊन पुन्हा पुन्हा जात राहिला.

इथे थोडं गणित. हवेचा विरोध ओलांडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 55 मैलांची गाडी साडेतीनपट वेगाने न्यायची तर सुमारे 43 पट पॉवर लागेल! एवढी पॉवर त्या म्हाताऱ्या इंजिनातून निघणं अशक्य. म्हणून बर्टने दुसरी बाजू धरली आणि हवेचा विरोधच कमी केला. गाडीला माशाच्या आकाराचं बंद कवच चढवलं. आधी पत्रा हाताने ठोकून ठोकून, नंतर फायबरग्लासचं. त्याच्या आत तो जवळजवळ पालथा झोपून गाडी चालवायचा.

1962 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी, त्याने 883 सीसी गटात ताशी 178.95 मैलांचा म्हणजे 288 किलोमीटरचा विक्रम केला. (सिनेमात हा आकडा 200 च्या वर दाखवलाय, पण खरा आकडाही काही कमी नाही.) 1966 मध्ये 1000 सीसी गटात 168.07 मैल. आणि 1967 मध्ये त्याच गटात 183.586 मैल. गाडीचं वय 47 आणि चालकाचं 68! त्या वर्षी पात्रता फेरीत तर तो एका दिशेने 190.07 मैल, म्हणजे जवळजवळ 306 किलोमीटरने गेला.

त्याच वर्षी एका रनमध्ये गाडी लटपटायला लागली. वेग कमी व्हावा म्हणून बर्ट आतल्या आत उठून बसला, तर वाऱ्याने गॉगल उडवून नेला आणि त्याला काहीच दिसेना. खुणेसाठी रोवलेली लोखंडी सळई काही इंचांनी चुकली. शेवटी त्याने गाडी आडवी पाडली आणि थोड्याशा खरचटण्यावर सुटला. आसपास ना ट्रक, ना रस्ता ओलांडणारं कोणी, फक्त मीठ. आपल्या कॉलेजच्या मागच्या रोडवर रात्री अकराला मॉड टेस्ट करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

आता शेवटचा किस्सा, आणि तो खास आपल्यासाठी आहे. बॉनेव्हिलला विक्रम धरायचा तर दोन्ही दिशांनी रन करावी लागते. वाऱ्याचा फायदा कोणाला मिळू नये म्हणून दोन्हींची सरासरी काढतात. 1967 मध्ये बर्टची उत्तरेकडची रन होती 184.710 आणि दक्षिणेकडची 183.463. कॅल्क्युलेटर काढा आणि सरासरी करा. येते 184.087. पण नोंद झाली होती 183.586! मी आकडे उलटसुलट करून पाहिले. 184.710 च्या ऐवजी 183.710 धरलं तर नेमकं 183.586 मिळतं. म्हणजे बहुतेक एका अंकाची गडबड. बर्ट गेला 6 जानेवारी 1978 ला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्याच्या मुलाच्या, जॉनच्या, ही चूक लक्षात आली. त्याने ती अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनला कळवली आणि 2014 साली, बर्टच्या मृत्यूनंतर 36 वर्षांनी, विक्रम दुरुस्त झाला. ताशी 184.087 मैल, म्हणजे 296.26 किलोमीटर.

फरक फक्त अर्ध्या मैलाचा. एवढ्यासाठी कशाला पत्रं लिहायची, असं कोणीही म्हणालं असतं. पण हा अर्धा मैल मिळवायला त्याच्या बापाने किती रात्री जागून किती पिस्टन ओतले, हे जॉनला माहीत होतं. तो बाप घरापेक्षा शेडमध्येच जास्त राहिला होता. तरी मुलाने कागद काढून बसून त्याची बेरीज तपासली. मला तर या पूर्ण गोष्टीत विक्रमापेक्षा हे मोठं वाटतं.

बर्टची स्काऊट आजही आहे. 1977 मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर त्याने गाड्या गावातल्याच माणसाला विकल्या. इन्व्हरकार्गिलमधल्या हेज नावाच्या हार्डवेअरच्या दुकानात ती ठेवली आहे. खिळे, स्क्रू, पाने विकत घ्यायला आलेली माणसं तिच्यासमोर थबकतात. म्युझियमपेक्षा तिला ही जागा जास्त शोभते, नाही का? कधी न्यूझीलंडला एमएस करायला गेलात तर एक चक्कर मारा, आणि माझ्याकडून बर्टला एक कडक सलाम सांगा!