सरदार का. मा. पणिक्कर यांची सागरदृष्टी

केरळातील कुट्टनाड हा प्रदेश आपल्याकडील खाजणांप्रमाणेच बांध घालून पाण्यापासून राखलेला आहे. तेथील कित्येक भातशेते समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. त्याच प्रदेशातील कावालम गावी दि. ३ जून १८९५ रोजी माधव पणिक्कर यांचा जन्म झाला. भारताच्या संरक्षणाचा विचार समुद्राच्या बाजूने करावा, असा आग्रह पुढे ज्यांनी धरला, ते पाण्याच्या सान्निध्यातच वाढले, हा योगायोग हृद्य होय.

मद्रास येथील शिक्षणानंतर त्यांनी ऑक्सफर्ड येथे इतिहासाचे अध्ययन केले व परतल्यावर अलीगढ येथे अध्यापन केले. पुढे वृत्तपत्राचे संपादन, कायद्याचा अभ्यास, पतियाळा व बिकानेर संस्थानांची चाकरी असा त्यांचा प्रवास झाला. परंतु अभ्यास सुटला नाही. पोर्तुगाल व हॉलंड येथे जाऊन त्यांनी संशोधन केले आणि त्याचे फळ म्हणून मलबार व पोर्तुगीज यांच्या संबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. कालिकतच्या झामोरिनाचा प्रतिकार आणि कुंजाली मरक्कारांचे आरमारी शौर्य हे त्यातील विषय गोमंतकीयांना परके नाहीत. शेवटच्या कुंजालीस १६०० साली देहान्त शासन झाले, ते गोव्यातच.

या अभ्यासाचा परिपाक १९४५ साली प्रकाशित झालेल्या हिंदी महासागरावरील छोटेखानी ग्रंथात दिसून येतो. भारतावरील संकट खैबर खिंडीतूनच येते, ही समजूत त्यांनी खोडून काढली. खुष्कीच्या मार्गाने आलेले आक्रमक कालांतराने येथलेच झाले. सागरावर ज्याची सत्ता, त्याने मात्र दूर राहूनही देशाचा व्यापार व स्वातंत्र्य आपल्या मुठीत ठेवले. आल्बुकेर्कने गोवा, मलाक्का व होर्मुझ ही ठाणी घेतली, त्यामागील हिशेब पणिक्करांनी नेमका ओळखला होता. सिंगापूरपासून सोकोत्रापर्यंत आरमारी तळांचे कडे असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. डिसेंबर १९६१ मध्ये मुरगावच्या खाडीत भारतीय युद्धनौकांच्या माऱ्याने निकामी झालेल्या पोर्तुगीज नौकेचे नावही आल्बुकेर्कच होते!

वास्को द गामाच्या आगमनापासून १९४५ पर्यंतचा काळ एकच युग मानणारा त्यांचा आशियाविषयक ग्रंथ १९५३ साली निघाला व जगभर गाजला.

समुद्राविषयी इतका दूरदर्शी असलेला हा पंडित हिमालयाविषयी मात्र चुकला, असे खेदाने म्हणावे लागते. ते चीनमध्ये राजदूत असताना, ऑक्टोबर १९५० मध्ये, चौ एन-लाय यांनी त्यांना मध्यरात्री बोलावून अमेरिकेसाठी कोरियासंबंधी इशारा दिला. तो त्यांनी तत्परतेने पोहोचविला. अमेरिकेने तो मानला नाही आणि पुढे चिनी सैन्य खरोखरच कोरियात उतरले. परंतु त्याच महिन्यात तिबेटात चिनी फौजा शिरल्या, तेव्हा पेकिंगच्या हेतूंविषयी त्यांनी दाखविलेला विश्वास अनाठायी ठरला. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबरच्या पत्रात नेहरूंकडे या राजदूताविषयी स्पष्ट नापसंती व्यक्त केली होती.

राज्य पुनर्रचना आयोगाच्या तीन सदस्यांपैकी ते एक होते. आयोगाच्या १९५५ च्या अहवालाने चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा कर्नाटकाकडे दिला. सीमाभागातील मराठी कुटुंबांना हा अहवाल वेगळ्याच कारणाने आठवतो.

अखेरच्या वर्षांत ते पुन्हा विद्याक्षेत्राकडे वळले. प्रथम काश्मीर व नंतर म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. १९६२ चे चिनी आक्रमण त्यांना पाहावे लागले. म्हैसूरच्या कुलगुरुपदावर असतानाच दि. १० डिसेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.